स्वयंपाकघरातील ताळेबंद : विचारायचे ते बाजारात



शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो आणि तो म्हणजे 'सॅलड'. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला बसणारी कोशिंबीर त्यांना आता पुरत नाही. त्यांना सॅलडचेच जेवण हवे असते. अनेक भगिनींनी याविषयी लिहावे असे सुचविले होते. एक सॅलड मला बरे जमते. ताज्या हिरव्या पानांचा ढीग आणि त्यावर खरपूस कवचाची, आतून मऊ अशी गरम चीजची चकती, असे त्याचे रूप. पाककृती शेवटी देतोच. परंतु या पदार्थाने आमच्या घरी एका संध्याकाळी जो प्रसंग उभा केला, तो आधी सांगितल्याशिवाय पाककृतीला अर्थ येणार नाही.

प्रथम या पदार्थाचे कूळ पाहू. तो मूळचा फ्रान्सचा. तेथे शेळीच्या दुधाच्या चीजला 'शेव्ह्र' म्हणतात आणि गरम शेव्ह्रचे सॅलड तेथील साध्या उपाहारगृहांतही मिळते. लुआर नदीच्या परिसरातील शाव्हिन्योल या खेड्याच्या नावाने ओळखली जाणारी लहान गोल चीज यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. १९७६ मध्ये तिला मूळस्थानाचे अधिकृत नामाभिधान मिळाले. म्हणजे ते नाव वापरायचे तर चीज त्याच भूभागात, ठरलेल्या रीतीनेच झाली पाहिजे. व्यापारी घरातील वाचकांना नावाच्या अशा राखणीचे मोल वेगळे सांगायला नको.

हाच पदार्थ अमेरिकेत रुजला तो कॅलिफोर्नियातील बर्कली या विद्यापीठाच्या गावी. अ‍ॅलिस वॉटर्स या तरुणीने १९६५ च्या सुमारास विद्यार्थिदशेत फ्रान्समध्ये काही काळ काढला. तेथील बाजारातून सकाळी आणलेले दुपारी शिजवायचे, ही रीत तिच्या मनात ठसली आणि १९७१ मध्ये तिने बर्कलीच्या शॅटक अ‍ॅव्हेन्यूवर 'शे पानीस' नावाचे उपाहारगृह काढले. सॅलडसाठी हवी तशी कोवळी, मिश्र पाने बाजारात मिळेनात, म्हणून तिने फ्रान्समधील नीस येथून बी आणून आपल्या परसात पेरले. चीजचीही तीच कथा. सोनोमा परगण्यातील लॉरा शेनेल ही स्त्री शेळ्या पाळत असे. दुधाचे करायचे काय, या विचाराने ती १९७९ मध्ये फ्रान्सला गेली, तेथील शेतकरी कुटुंबांत राहून चीज करायला शिकली आणि परत आली. वॉटर्सने तिची चीज चाखली आणि कायमची मागणी नोंदवली. आम्ही बँकेत ज्याला स्थायी आदेश म्हणत असू, तसाच हा प्रकार. एका पक्क्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर छंदाचा धंदा झाला आणि शेळीच्या चीजची ओळख साऱ्या अमेरिकेला झाली. तिच्या चकत्या ऑलिव्ह तेलात मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून, भट्टीत भाजून कोवळ्या पानांवर ठेवलेले सॅलड हे 'शे पानीस'चे ओळखचिन्ह ठरले.

या हकिगतीतील एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. पान कोणाच्या शेतातले, चीज कोणाच्या गोठ्यातली, हे त्या बाईने पदार्थ ताटात येण्याच्या कितीतरी आधी विचारून ठेवले होते. हे ध्यानात असू द्यावे. पुढे याच मुद्द्यावर यायचे आहे.

आता आमच्या घरचा प्रसंग.

आमची कन्या व जावई गेली सतरा वर्षे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट येथे राहतात. मागील वर्षी जून महिन्यात सौभाग्यवती व मी त्यांच्याकडे होतो. नात पंधरा वर्षांची. तिला स्वयंपाकाची आवड आहे आणि ती तिने माझ्याकडून घेतली, असा माझा दावा आहे. निवृत्तीपूर्वी मला चहाखेरीज काहीही करता येत नसे, हे सौ. लगेच निदर्शनास आणून देतात, तो भाग निराळा. एके दिवशी नात आम्हां दोघांना रेल्वेने बर्कलीला घेऊन गेली. शॅटक अ‍ॅव्हेन्यूवरील त्या उपाहारगृहात मांसाहारही शिजतो, त्यामुळे सौ. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही बाहेरूनच ती लाकडी वास्तू पाहिली. नातीने वर सांगितलेली सारी कथा आम्हांला तेथे पदपथावर उभी राहून ऐकवली आणि म्हणाली, "आजी, आत जाऊ नकोस. रविवारी मी घरीच करते तुझ्यासाठी."

रविवार उजाडला. तिथी अष्टमी-चतुर्दशीची नव्हती आणि चातुर्मासाला अवकाश होता, त्यामुळे हिरव्या पानांची अडचण नव्हती. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार असूनही सौ. निवांत होत्या. नातीने दुपारभर खपून पाने एकेक करून धुतली, उजेडात धरून पाहिली, कोरड्या फडक्यात गुंडाळली. लसूण नाही, कांदा नाही, मध नाही, अंडे नाही, हे तिने स्वतःहून पाळले होते. सात वाजता तिने चार ताटल्या मांडल्या. गरम चकत्यांवरचा चुरा अजून चुरचुरत होता. त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे होते, ते पहिला पगार घरी आणणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर असते.

सौ.नी काटा उचलला, क्षणभर थांबल्या आणि शांतपणे विचारले, "बाळ, या चीजमध्ये काय काय असते?"

नातीने उत्साहाने वेष्टन आणले आणि वाचून दाखवले: शेळीचे दूध, विरजण, मीठ, एन्झाइम्स.

"एन्झाइम्स म्हणजे कशाचे?"

कोणालाच सांगता येईना. कन्या म्हणाली, "अगं आई, असते ते सगळ्या चीजमध्ये." जावई फोनवर शोधू लागले. सौ.नी काटा खाली ठेवला. मी मात्र चिडलो. हळू आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "मुलीने दिवसभर राबून केले आहे. प्रत्येक घासाला चौकशी बसवायलाच हवी का?" कोणी काही बोलले नाही. पाने सुकत गेली, चकत्या निवून घट्ट झाल्या. नातीने ताटल्या उचलल्या आणि ती खोलीत निघून गेली. सौ.नी फळे घेऊन पाणी चुकवले.

येथे थोडे थांबून त्या 'एन्झाइम्स' शब्दाचा उलगडा करू. दुधाचे चीज होण्यासाठी ते साकळावे लागते. आपण पनीर करताना उकळत्या दुधात लिंबू पिळतो. आम्लामुळे दूध फाटते, काम झाले. युरोपीय पद्धतीच्या बहुतेक चीजमध्ये मात्र 'रेनेट' नावाचा पदार्थ वापरतात. त्यातील मुख्य विकर कायमोसिन. परंपरेने तो दूधपित्या वासराच्या किंवा करडाच्या पोटाच्या चौथ्या कप्प्याच्या अस्तरातून काढतात आणि त्यासाठी ते वासरू मारलेले असते. दुसरा प्रकार बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांपासून मिळतो. तिसऱ्या प्रकारात वासराचे जनुक सूक्ष्मजीवात घालून त्याच्याकडून कायमोसिन तयार करवून घेतात; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये त्यास मान्यता दिली. चौथा वनस्पतिज. स्पेन-पोर्तुगालमध्ये एका काटेरी रानफुलाच्या तंतूंनी दूध साकळतात. शेळीची ताजी चीज ही मुख्यतः विरजणाच्या आम्लानेच जमते, तरी तिच्यातही बहुधा रेनेटचे काही थेंब पडतात. आणि अमेरिकेच्या नियमांनुसार चीजच्या लेबलावर या सर्वांना सरसकट 'एन्झाइम्स' म्हणण्याची मुभा आहे. म्हणजे सौ.चा प्रश्न अडाणीपणाचा तर नव्हताच. त्या लेबलावर विचारण्याजोगा एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी विचारला होता.

दुसऱ्या दिवशी नातीने आम्हां कोणाला न सांगता त्या चीज करणाऱ्या कंपनीला पत्र पाठवले. दोन दिवसांत उत्तर आले: आमच्या या चीजमधील विकर सूक्ष्मजीवजन्य आहे, प्राणिज नाही. नातीने ते उत्तर छापून आजीच्या उशाशी ठेवले. मला वाटले, चला, प्रकरण मिटले. मी बरोबर ठरलो आणि सौ.ची शंका निराधार ठरली.

पण त्या शोधात मुलगी पुढे गेली होती. तिने फ्रिज उघडून घरातील प्रत्येक चीज काढून टेबलावर मांडली आणि एकेकीची चौकशी केली. तीत एक इटालियन चीजचा तुकडा होता, पार्मिजानो रेजानो. तिच्या लेबलावर तीनच शब्द होते: दूध, मीठ, रेनेट. तीनच घटक म्हणून मी तिला त्या घरातली सर्वांत निर्मळ चीज समजत होतो. कर्जाच्या अर्जात जितकी कलमे कमी तितका अर्जदार सरळ, असा एक भाबडा समज आम्हां बँकवाल्यांत असतो, तसाच हा प्रकार. नातीने वाचून दाखवले की, त्या नावाची चीज करायची तर तेथील नियमांप्रमाणे वासराचेच रेनेट वापरावे लागते; दुसरे चालतच नाही. शाव्हिन्योलच्या नावाची राखण मी मघाशी कौतुकाने सांगितली. नावाची राखण अशीही असते.

ती चीज किसून घातलेला पास्ता मी तीन आठवडे आवडीने खात होतो. दोनदा तर मागून घेतला होता. सौ.ना पास्ता आवडत नाही, एवढ्यामुळेच त्या वाचल्या होत्या.

टेबलाभोवती बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कन्या म्हणाली, "मला माहीत होते, आई. म्हणजे, एके काळी माहीत होते. शिकायला आले तेव्हा पहिली दोन वर्षे मी प्रत्येक दुकानात विचारायचे. लोक हसायचे, काही वैतागायचे. मग विचारायचे थांबवले. मग विसरले." सतरा वर्षांच्या संसाराचा एवढा प्रामाणिक ताळेबंद मी क्वचितच ऐकला आहे. मला माझे रविवारचे वाक्य आठवले. कन्येचे प्रश्न थांबवणारी जी वैतागलेली माणसे होती, त्यांच्या रांगेत त्या संध्याकाळी मीही जाऊन उभा राहिलो होतो.

सौ. कन्येला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीला जवळ बोलावले आणि जे सांगितले, ते मी त्याच रात्री माझ्या वहीत टिपून ठेवले. त्या म्हणाल्या, "बाळ, माझा प्रश्न चुकीचा नव्हता, पण वेळ चुकली. तू दुकानात निघालीस तेव्हा मी तुझ्याबरोबर यायला हवे होते. विचारायचे ते बाजारात विचारावे. ताट वाढल्यावर विचारले, की प्रश्न वस्तूला राहत नाही, तो करणाऱ्याला लागतो. तुझी ताटली माझ्यामुळे निवली. मिच्छामि दुक्कडम्."

पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे कळायला हवे होते. कागदपत्रे कर्ज मंजूर होण्यापूर्वी तपासायची असतात. रक्कम वाटून झाल्यावर उपस्थित केलेली शंका ऋणको आणि शाखा दोघांनाही दुखावते, आणि पैसा तर गेलेलाच असतो. उलट, आधी न विचारणारा अधिकारी उदार असतो असेही नाही. तो नुसता आळशी असतो. मी रविवारी ज्याला समजूतदारपणा म्हणत होतो, तो असा आळस होता.

त्या इटालियन तुकड्याचे काय करावे, हाही प्रश्न आला. टाकून देणे सौ.ना पटेना. शेजारी एक इटालियन वंशाचे वृद्ध गृहस्थ राहतात. तो त्यांच्या घरी गेला आणि त्यांच्याकडून परसातील लिंबांची परडी आली. शनिवारी आजी व नात दोघी मिळून बाजारात गेल्या. येताना उशीर झाला, कारण प्रत्येक कपाटापुढे आजी प्रश्न सांगत होत्या आणि नात तो इंग्रजीत विचारत होती. त्या संध्याकाळी त्याच लिंबांचा रस पिळून सॅलड पुन्हा झाले. या वेळी कोणीही काहीही विचारले नाही आणि चकत्या गरम असतानाच ताटल्या रिकाम्या झाल्या.

परतल्यावर मी हा पदार्थ आपल्या चालीरीतीला व आपल्या बाजाराला साजेल असा बसवला. त्यापूर्वी त्यामागचे मर्म थोडक्यात सांगतो, म्हणजे हात चुकणार नाही.

पहिले मर्म पानांचे. पान ओले असेल तर त्यावर तेल ठरत नाही, सारा रस तळाशी जमतो. म्हणून धुतल्यावर पाने पूर्ण कोरडी करावीत. शिवाय मीठ पानांतील पाणी ओढून घेते, त्यामुळे मीठ-लिंबू लावलेली पाने काही मिनिटांतच मलूल होतात. तेव्हा मिश्रण अगदी शेवटी लावावे.

दुसरे मर्म कवचाचे. अनेक पुस्तकांत चीजला चुरा चिकटावा म्हणून अंडे सांगितलेले असते. बर्कलीच्या पद्धतीत ते नाही. तेलात मुरलेल्या चकतीला चुरा आपोआप धरतो आणि तेच तेल भट्टीत चुऱ्याला तांबूस करते. आपल्यासाठी ही मोठीच सोय आहे. चकती भट्टीत जाताना थंडगार हवी. म्हणजे बाहेरचे आवरण खरपूस होईपर्यंत आतला भाग फक्त ऊन आणि मऊ होतो.

तिसरे मर्म चीजचे. आम्लाने जमलेली चीज तापवली तरी पिझ्झावरील चीजसारखी वितळून वाहत नाही, कारण आम्लामुळे तिच्यातील प्रथिनांना बांधून ठेवणारे कॅल्शियम निघून गेलेले असते. शेळीची ताजी चीज या पदार्थाला मानवते ती यामुळेच. आपले पनीर आणि चक्काही आम्लानेच जमतात. म्हणजे ज्या गुणासाठी फ्रेंच लोक शेव्ह्र घेतात, तो आपल्या घरात आहेच आणि तेथे रेनेटचा प्रश्नही उद्भवत नाही.

पावाच्या चुऱ्याऐवजी मी खाकरा घेतो. पाव म्हणजे यीस्ट आणि शिळेपणाचा प्रश्न. खाकरा मुळातच कोरडा आणि खरपूस. मात्र तो निव्वळ गव्हाचा असावा. मठाच्या वा अन्य डाळीच्या पिठाचा खाकरा चक्क्याबरोबर आला, तर द्विदलाचा दोष लागतो. फ्रेंच कृतीत थाइम नावाची वनस्पती सुगंधासाठी घालतात. तिचा वास ज्या थायमॉल या द्रव्यामुळे येतो, तेच आपल्या ओव्यात असते. चिमूटभर ओवा चुरडून घातला, की ते काम होते.

साहित्य (चार जणांसाठी) : साईसकट दूध १ लिटर, लिंबाचा रस २ मोठे चमचे (दूध फाडण्यासाठी), ताजा घट्ट चक्का २ मोठे चमचे, गव्हाचे साधे खाकरे ४, ओवा पाव चमचा, मिरपूड, मीठ, ऑलिव्ह तेल ५ मोठे चमचे, लेट्यूस वा अन्य कोवळी पाने २०० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा (पानांसाठी), अक्रोडाचे तुकडे मूठभर.

कृती : दूध उकळून लिंबाच्या रसाने फाडावे, पातळ कापडात गाळून थंड पाण्याने धुवावे आणि अर्धा तास वजनाखाली ठेवावे. साधारण २०० ग्रॅम पनीर मिळेल. ते परातीत तळहाताने गुळगुळीत मळावे. त्यात चक्का, अर्धा चमचा मीठ, ओवा व मिरपूड मिसळावी. चक्क्यामुळे शेळीच्या चीजसारखी किंचित आंबटसर चव येते. मिश्रणाच्या बोटभर जाडीच्या आठ चकत्या कराव्यात, दोन चमचे तेल चोळावे आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पनीर, चक्का सारे त्याच दिवशीचे असावे.

तोवर पाने निवडावीत. लेट्यूसच्या देठापाशी माती व सूक्ष्म जीव दडून राहतात. गड्डा अखंड न धुता पान पान सुटे करून, उजेडात दोन्ही बाजूंनी पाहून, जयणा राखून धुवावे आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. खाकरे जाडसर चुरावेत. पीठ करू नये.

ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापवून घ्यावा. चकत्या चुऱ्यात दोन्ही बाजूंनी दाबून घोळवाव्यात आणि सहा ते आठ मिनिटे भाजाव्यात. खाकरा आधीच भाजलेला असल्याने लवकर रंगतो. पाच मिनिटांनंतर ओव्हनपुढून हलू नये. ओव्हन नसेल तर तव्यावर थोड्या तेलात, मंद आंचेवर, प्रत्येक बाजू दोन मिनिटे भाजावी आणि एकदाच उलटावी.

चकत्या भट्टीत असतानाच उरलेले तीन चमचे तेल, लिंबाचा रस, मीठ व मिरपूड एकत्र घोटावी, पाने त्यात हलक्या हाताने घोळवावीत आणि ताटल्यांत मांडावीत. अक्रोड पेरावेत. वर गरम चकत्या ठेवाव्यात आणि मंडळी आधीच पाटावर बसलेली असावीत. हा पदार्थ कोणासाठी थांबत नाही.

तयार चीज आणूनच करायचे असेल, तर दोन गोष्टी सांगतो. भारतातील वेष्टनावरचा हिरवा ठिपका हा शाकाहाराची खूण आहे, जैन आहाराची नव्हे. त्या ठिपक्याखाली लसूण आणि मधही चालतो, म्हणून घटक वाचावेतच. परदेशात तर असा सक्तीचा ठिपकाही सर्वत्र नसतो. तेथे 'मायक्रोबियल' हा शब्द शोधावा आणि तो नसेल तर करणाऱ्याला लिहून विचारावे. आमच्या नातीला उत्तर मिळायला दोनच दिवस लागले. कोणते विकर आपल्या आचाराला चालते, याबद्दल मतभेद असू शकतात. त्याचा निर्णय आपल्या महाराजसाहेबांना विचारून करावा.

परवा नातीचा फोन आला. तिच्या शाळेतील सहलीला दुपारचे जेवण बाहेरून येणार होते. तिने आठवडाभर आधी त्या उपाहारगृहाला विचारून घेतले होते, तेही एकटीपुरते नाही, वर्गातील आणखी दोन मुलींसाठीही. त्यांतली एक जैन नाही. "मग जेवताना काही विचारावे लागले का?" असे मी म्हटले. ती म्हणाली, "नाही आजोबा, फक्त जेवलो."

पुढील अंकी भेटू. जय जिनेंद्र.